एक तृतीयांश

मुंबईच्या गिरण्या संपाने बुडाल्या, हे शेंबडं पोरही सांगेल. गिरण्यांखालच्या जमिनीचं पुढे काय झालं, ते मात्र एका नियमाने ठरवलं आणि त्या नियमाचा नंबर गिरणगावाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. विकास नियंत्रण नियमावली १९९१, नियम ५८.

शरद पवार मुख्यमंत्री असताना हा नियम आला. गिरणीमालकाला आपली जमीन गिरणीशिवाय दुसऱ्या कामाला लावायची असेल, तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे पाडायचे. एक वाटा महापालिकेला, बागा, मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी. दुसरा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकाला. जमीन विकून आलेल्या पैशातून कामगारांची देणी फेडायची आणि गिरणी सुधारायची. मुंबईतल्या सगळ्या गिरण्यांची मिळून जमीन ६०० एकरांच्या आसपास, तीही शहराच्या पोटात. म्हणजे पालिकेच्या पदरात दोनेकशे एकर पडायला हवे होते. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या शहराला असं घबाड पुन्हा मिळणार नव्हतं.

नियमात एक बारीक गोष्ट होती. वाटे पाडायचे ते मोकळ्या जागेचे आणि बांधकाम पाडून मोकळ्या होणाऱ्या जागेचे. गिरणीची उभी इमारत तशीच ठेवून आत दुसरं काही सुरू केलं, तर कुणाला काही द्यावं लागत नव्हतं. मुंबईच्या जुन्या गिरण्यांमध्ये पुढे जी चकचकीत दुनिया उभी राहिली, दगडी भिंती, लोखंडी खांब, उंच छत आणि त्याखाली कॉफीचे पेले, तिचं मूळ या ओळीत आहे. वास्तुप्रेम नंतर आलं. आधी आला तो हिशेब.

पण त्याआधी इथे काय होतं, ते सांगायला हवं.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी, दादर हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला. माणसं आली ती रत्नागिरीहून, सिंधुदुर्गातून, सातारा-कोल्हापूरकडून, पुण्या-नगरच्या दुष्काळी गावांतून. बायकामुलं गावी. इथे गाळा. एका गावची, कधी एका भावकीची माणसं मिळून चाळीतली एक खोली धरायची आणि वीस-पंचवीस जण तीत राहायचे. हे जमायचं ते पाळ्यांमुळे. पहिली पाळी कामावर असताना रातपाळीवाले त्याच जागेवर वळकटी पसरायचे. प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी, कपडे दोरीवर, आणि जेवण खानावळीत.

खानावळ चालवायच्या बायका. त्यांतल्या अनेकींचे नवरे गिरणीत असत, काही विधवा असत. पहाटे चूल पेटायची आणि रातपाळी जेवून गेल्यावर विझायची. महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी मिळायचे, तोवर वाणसामान उधारीवर, आणि सावकाराचं व्याज वेगळं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणगावाचा इतिहास लिहिताना संप आणि पुढारी येतात, खानावळवाली तळटीपेत जाते. दोन-अडीच लाख माणसांच्या जेवणाची घडी ज्यांनी बसवली, त्यांच्यावर खरं तर एक जाड पुस्तक लिहायला हवं होतं.

गिरणगावाचं सगळं जगणं एका दाराशी बांधलेलं होतं. गिरणीच्या गेटवर बदली कामगार सकाळी उभे राहायचे. कायमच्या माणसाने खाडा केला तर त्याची जागा मिळायची, नाहीतर परत. भरती मुकादमाच्या हातात, म्हणून त्याचा हात ओला करणं आलंच. युनियनची सभा गेटवर, वर्गणी गेटवर, पगाराच्या दिवशी पठाण सावकार काठी घेऊन गेटवर. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगार याच गेटांतून बाहेर पडले आणि सहा दिवस आत गेले नाहीत.

आत साचेखातं, म्हणजे विणकामाचं खातं, सगळ्यांत मानाचं. पगार जास्त. धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. दिवसातून असंख्य वेळा. त्याबरोबर कापसाची धूळ छातीत जायची ती वेगळी. पण या ओढण्याचा दुसरा परिणाम असा, की धागा उष्टा होतो म्हणून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात पाऊल ठेवता येत नसे. त्यांनी कमी पगाराच्या खात्यांत राबायचं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांचीही पंचाईत झाली. वर्गाचा लढा लढणाऱ्यांना धोट्याच्या भोकातली जात दिसली नव्हती. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षं राहिले, आणि १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय होतं परळच्याच दामोदर हॉलमध्ये.

हा दामोदर हॉल म्हणजे ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचा. १९२२ चा. कोकणातल्या गावांची नमनं, दशावतार, कामगारांची हौशी नाटकं, सगळं इथे व्हायचं. गावी शिमग्याला जायला रजा मिळाली नाही तर गाव तिकीट लावून इथे यायचा. तिकडे लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे, भारतमातात मराठी सिनेमा लागायचा. १९२८ मध्ये गणेश गल्लीत सार्वजनिक गणपती बसला. १९३४ मध्ये बाजार गेलेल्या कोळणींनी आणि फेरीवाल्यांनी हक्काच्या जागेसाठी केलेला नवस फेडायला आणखी एक बसवला, तो आज लालबागचा राजा. भजनी मंडळं, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, गावकीच्या पतपेढ्या यांची तर गणती नाही. गिरणीत झाडलोट केलेले अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. नारायण सुर्वे यांना रस्त्यावरून उचलून वाढवलं ते गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने.

ही सगळी संस्कृती गिरण्यांच्या इमारतींत नव्हती. ती इमारतींच्या बाहेर होती, चाळीत, गल्लीत, हॉलमध्ये. पगार मात्र आतून यायचा. पुढच्या चाळीस वर्षांत जे झालं त्यात इमारती वाचवल्या म्हणणाऱ्यांनीही हा मुद्दा नीट धरला नाही, असं मला वाटतं.

संपाबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर १९८१ मध्ये स्टँडर्ड मिलचे कामगार बोनसच्या प्रश्नावर कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या दारी घाटकोपरला गेले. १८ जानेवारी १९८२ पासून साठेक गिरण्यांतले अडीच लाख कामगार बाहेर पडले. कायद्याने वाटाघाटीचा अधिकार फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगारांना नेमका तोच नको होता. या पेचातून मार्ग निघाला नाही. संप आजतागायत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. गावी गेलेली माणसं गावीच राहिली, चाळीतल्या बायकांनी धुणीभांडी धरली, पोरांतली काही टोळ्यांत गेली. मालकांना मात्र एक जाणीव झाली. कापड भिवंडीच्या यंत्रमागावर स्वस्तात निघतं, आणि ज्या जमिनीवर आपले जुने साचे उभे आहेत तिचा भाव कापडाच्या कितीतरी पट आहे. १९८३ मध्ये सरकारने तेरा आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे, मुंबईत पंचवीस गिरण्या झाल्या.

बंद गिरण्यांचे कामगार गप्प बसले नव्हते. मॉडर्न मिलचे दत्ता इस्वलकर यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत हाच एक प्रश्न धरून ठेवला. न्यू ग्रेट ईस्टर्न मिलचे कामगार तर चार वर्षं टाळं लागलेल्या गिरणीत गेट उघडून घुसले आणि ताबा घेऊन बसले. आनंद पटवर्धन यांचा १९९६ चा माहितीपट त्यावरच आहे.

आणि मग नियम ५८ ने आपला रंग दाखवला. नव्वदच्या दशकात मालकांनी हिशेब मांडला: पाडलं तर दोन वाटे जातील, म्हणून पाडायचं नाही. कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल, रघुवंशी मिल यांच्या शेडी आणि गोदामं भाड्याने जाऊ लागली. आधी जाहिरात कंपन्या, छापखाने, टीव्ही वाहिन्यांची ऑफिसं, फर्निचरची दुकानं, नंतर उपाहारगृहं आणि पब. १९०५ ची फिनिक्स मिल यात सगळ्यांच्या पुढे. तिथे कामगारांच्या करमणुकीसाठी म्हणून परवानगी घेतली आणि उघडली ती बोलिंगची धावपट्टी, असा कामगार संघटनांचा आक्षेप होता. ज्याच्या नावाने परवानगी, त्याच्या महिन्याच्या रेशनाइतके पैसे तिथे एका संध्याकाळी उडत. चिमणी राहिली, मिलचं नाव राहिलं. फिनिक्स म्हणजे राखेतून उठणारा पक्षी, आणि हे नाव गिरणीला मॉलची कल्पनाही नसताना दिलेलं. लालबागमध्ये वाढलेल्या जयंत पवारांनी आपल्या कथासंग्रहाला 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हे नाव दिलं, त्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधीचं त्यांचं 'अधांतर' हे नाटक संपानंतरच्या एका कामगार कुटुंबाची वाताहत दाखवतं. गिरणगावातून उठलेली संस्कृती म्हणायची तर ती ही. तिला मॉलमध्ये गाळा मिळाला नाही.

याचा अर्थ नव्या वस्तीत सगळं खोटंच होतं असा नाही. मथुरादास मिलमध्ये २००७ च्या अखेरीस ब्लू फ्रॉग उघडलं आणि जवळजवळ नऊ वर्षं देशोदेशीचे वादक तिथे वाजवून गेले. महालक्ष्मीला लक्ष्मी मिलच्या गोदामात २०१५ पासून जीफाइव्हए हे छोटं कलाकेंद्र चालतं, तिथे चांगली नाटकं होतात. पण डिलाईल रोडच्या चाळीतला मुलगा तिथे जातो का? गेला तर बहुधा गाड्या लावायला. फोर्टमधले कलावंत गोदामात आले, त्यांच्यामागे पैसेवाले आले, भाडी वाढली, कलावंत बाहेर: न्यूयॉर्कच्या सोहो भागात सत्तरीनंतर जे झालं तेच इथे दहा वर्षांत उरकलं.

१९९६ मध्ये राज्य सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्यांचं म्हणणं साधं होतं. एकेका गिरणीचे तीन तुकडे केले तर कोपऱ्यात पडलेल्या चिंधोट्या मिळतील. त्यापेक्षा एनटीसीच्या जमिनींचे वाटे एकत्र करा, म्हणजे सलग मैदानं निघतील, स्टेशनांना मोकळी जागा मिळेल, जुन्या चांगल्या इमारती सार्वजनिक कामाला येतील. मुंबईत गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करणारा हा पहिला मोठा आराखडा, आणि त्यात वाटे एकत्र करायची खटपट होती म्हणून तो कपाटात गेला. पालिका, म्हाडा, एनटीसी, खासगी मालक आणि मंत्रालय या पाचांना एका टेबलाशी बसवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

२००१ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारने नियम बदलला. आता वाटे पाडायचे ते फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचे. इमारत पाडून जी जागा मोकळी होईल ती सगळी मालकाची. गिरणीच्या आवारात रिकामी जागा असते किती? जवळजवळ सगळं क्षेत्र शेडींनी व्यापलेलं. एका शब्दाच्या व्याख्येने पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा आटून गेला. आणि गंमत अशी की जुन्या नियमाने ज्या इमारती केवळ पळवाट म्हणून उभ्या राहिल्या होत्या, त्यांचं उभं राहण्याचं कारणच संपलं. पाडणं आता फायद्याचं झालं. शेडींचा जमाना मागे पडला, मनोऱ्यांचा सुरू झाला.

२००५ मध्ये एनटीसीने पाच गिरण्या लिलावात काढल्या. मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटींवर, कोहिनूर क्रमांक ३ चे ४२१, ज्युपिटर २७६, अपोलो १८०. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००१ च्या दुरुस्तीचा लावला जाणारा अर्थ फेटाळला. गिरणगावात पेढे वाटायची वेळ आली होती. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. मग थांबलंच नाही. श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड टॉवर, ज्युपिटर आणि एल्फिन्स्टनच्या जागी काचेची कार्यालयं. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, बॉम्बे डाइंगने वरळीची बावीस एकर जमीन ५,२०० कोटींना विकली.

रस्ते आणि स्टेशनं मात्र गिरणीच्या पाळीला बेतलेली राहिली. गिरणी कामगार चालत यायचा, नवा कारकून लोकलने विरारहून येतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलमधल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. कोरियांच्या कपाटातल्या आराखड्यात स्टेशनांबाहेरच्या मोकळ्या चौकांची चित्रं होती.

कामगारांना काय मिळालं? लढून लढून घरं. म्हाडाच्या वाट्यातून बांधलेल्या ६,९२५ घरांची सोडत २०१२ मध्ये निघाली, सव्वादोनशे चौरस फुटांची खोली साडेसात लाखांना. अर्ज होते दीड लाखाच्या घरात. उरलेल्यांना नंतर पनवेलजवळच्या कोनला, आणि अलीकडे शेलू-वांगणीला घरं देऊ केली गेली. लालबाग सोडून वांगणीला जायचं म्हणजे काय, हे लोकलच्या वेळापत्रकावरून कळतं.

एवढ्या सहाशे एकरांत संस्कृतीच्या नावाने लोकांनी स्वतः जमीन मिळवली असं एकच ठळक उदाहरण आहे, आणि ते कुठल्याही नियमाने घडलेलं नाही. दादरला चैत्यभूमीशेजारी इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६, लोकांच्या तोंडी इंदू मिल. एनटीसीची, साडेबारा एकर, समुद्राला लागून. या गिरण्या मुळात ससून घराण्याच्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, आणि शेजारी हा बंद पडलेला परिसर. बाबासाहेबांचं स्मारक इथे व्हावं ही मागणी जुनीच होती. ६ डिसेंबर २०११ ला आनंदराज आंबेडकरांच्या रिपब्लिकन सेनेचे कार्यकर्ते भिंत ओलांडून आत शिरले आणि ठाण मांडून बसले. आत त्यांनी बुद्धवंदना घेतली, भीमगीतं गायली. नोटिसा आल्या, पोलीस आले, पुढारीही आले. वर्षभराने, डिसेंबर २०१२ मध्ये, जमीन स्मारकाला देण्याची घोषणा केंद्र सरकारने संसदेत केली. ११ ऑक्टोबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. राम सुतारांच्या पुतळ्याची उंची वाढत वाढत चौथऱ्यासकट ४५० फुटांवर गेली, आणि काम अजून चालू आहे.

पुतळा इतका उंच असावा का, यावर मतभेद होऊ शकतात. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या माणसाने साचेखात्याचं दार अस्पृश्यांना उघडा म्हणून भांडण केलं, त्याच्या स्मारकासाठी गिरणी सपाट केली तेव्हा एखादा साचा आणि एखादा धोटा तिथे ठेवायला हवा होता. त्या भोकातून ओढलेल्या धाग्याइतकं जात समजावून सांगणारं दुसरं काही संग्रहालयात ठेवता येणार नाही. तरीही इंदू मिलचा धडा मोठा आहे: मुंबईत नगररचनेच्या तक्त्याने जे साठ-सत्तर वेळा दिलं नाही, ते एका जमावाने एका दिवसात भिंत ओलांडून सुरू केलं.

पोलंडमधलं वुच हे मुंबईसारखंच गिरण्यांचं शहर. तिथल्या पोझनान्स्की घराण्याच्या प्रचंड गिरणीत २००६ मध्ये मॅनुफाक्टुरा उघडलं, लाल विटा घासूनपुसून, आत दुकानं. दिसायला फिनिक्सच. फरक एवढाच की आत गिरणीचं संग्रहालय आहे आणि शेजारी आधुनिक कलेचं. जर्मनीत एसेनची झोलफेराइन कोळसा खाण १९८६ मध्ये बंद पडली. तिथल्या प्रांत सरकारने आधी जमीन विकत घेतली, मग विचार केला. २००१ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली, आणि पाहुण्यांना खाण दाखवायला जुने खाणकामगारच नेमले. आपल्याकडे जमीन एनटीसीच्या रूपाने आधीच सरकारची होती. विकत घ्यायची सुद्धा गरज नव्हती.

दामोदर हॉलही आता बंद आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी त्याचं दार लागलं, इमारत पाडली गेली, नाट्य परिषद आणि कलावंत नाट्यगृहाचा आकार राखावा म्हणून भांडत राहिले. गिरण्या गेल्या, पण ज्या हॉलमध्ये गाव नाचायला यायचा तो जायला चाळीस वर्षं लागली. संस्कृती गिरणीच्या बाहेर होती असं वर म्हटलं ते यासाठी. चिमण्या वारसा ठरल्या, हॉल भाड्याची जागा ठरला.

अजून दोन जागा उरल्या आहेत. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पाया घातलेली शाहू मिल २००३ पासून बंद आहे. तिथे महाराजांचं स्मारक करायचं ठरून बरीच वर्षं झाली. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला मिलचं दार उघडलं, आत प्रदर्शनं भरली, लोकांनी गर्दी केली. कोल्हापूरकर आपल्या आजोबांच्या गिरणीत पहिल्यांदा नातवंडांना घेऊन गेले. पर्व संपलं आणि कुलूप परत लागलं. दुसरी जागा मुंबईत, काळाचौकीला. इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ ची, पालिकेच्या वाट्याला आलेली, म्हणजे नियम ५८ च्या एक तृतीयांशातून हाती लागलेला एक मोठा सलग तुकडा. तिथे वस्त्रोद्योगाचं संग्रहालय होणार आहे. निविदा, कारंजं, तलाव, प्रकाशझोत यांची चर्चा दशकभराहून जास्त झाली.

कारंजं उशिरा आलं तरी चालेल, त्याचा ठेकेदार कधीही मिळेल. इंग्लंडमध्ये चेशायरची क्वॉरी बँक मिल १९५९ मध्ये उत्पादनाला बंद झाली, पण तिथले साचे आजही पाहुण्यांसमोर चालवून दाखवतात, त्यासाठी माणसं शिकवून ठेवली आहेत. काळाचौकीला साचा चालवून दाखवायचा असेल तर तो चालवलेला माणूस आताच शोधावा लागेल. १९८२ च्या जानेवारीत पंचविशीत असलेला विणकर आज सत्तरीला टेकला आहे. म्हाडाकडे घरासाठी आलेल्या दीड लाख अर्जांमध्ये गिरणीचं नाव, खातं आणि पत्ता लिहिलेला आहे. पालिकेने ती यादी मागवावी, साचेखातं असं लिहिलेले अर्ज वेगळे काढावेत आणि संग्रहालयाची पहिली भरती तिथून करावी.